ग्लुटेन नको? मग उपवासाचं काय आहे ते विचारा

पुण्यात गहू टाळून बाहेर जेवायचं असेल, तर मेनूकार्डाच्या कोपऱ्यातली ‘जीएफ’ ही दोन अक्षरं शोधण्याआधी ‘उपवासाचे पदार्थ मिळतील’ ही पाटी शोधावी. यात धर्माचा काही संबंध नाही, निव्वळ व्यवहार आहे. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, रताळं, बटाटा, दाणे, दही यांत कुठेच गहू नाही. शिवाय उपवासाच्या पदार्थात धान्य मिसळलं की तो चालत नाही, हे इथल्या आचाऱ्यापासून टेबल पुसणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. ‘ग्लुटेन फ्री’ म्हणजे काय ते मात्र पाच मिनिटं समजावून सांगावं लागतं. एवढं सांगून झाल्यावर पेठेतल्या एका हॉटेलात मला मिळालेलं उत्तर असं होतं : “ग्लुटेन-बिटेन आमच्याकडे काही नाही साहेब, प्युअर व्हेज आहे.”

वजन उतरावं म्हणून गहू सोडणाऱ्याला हे उत्तर हसण्यावारी नेता येतं. सिलियाकच्या रुग्णाला नेता येत नाही. गहू, जव आणि राय या तीन धान्यांतल्या प्रथिनांना मिळून ग्लुटेन म्हणतात. सिलियाक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्याच्या आतले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. जुलाब, पोट फुगणं ही पुस्तकातली लक्षणं. लहान मुलांची वाढ खुंटते. मोठ्या माणसांत कित्येकदा पोटाची तक्रारच नसते. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही, हाडं ठिसूळ होतात, थकवा हटत नाही, आणि हे सगळं गव्हामुळे चाललंय असं कुणाच्या मनातही येत नाही.

मनात येणार तरी कसं? गहू हे पथ्याचं अन्न असं आपण समजत आलो. आजाऱ्याला गव्हाचं सत्त्व, बाळंतिणीला गव्हाची खीर, बाळाला सातूचं पीठ. हे सातूचं पीठही आपल्याकडे बहुतेक घरांत गहू आणि डाळं यांचंच असतं. या आजारामागे गहू आहे हे युरोपातसुद्धा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सिद्ध झालेलं नव्हतं. ते दाखवून दिलं विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. हेगमधल्या मुलांच्या रुग्णालयात काम करताना त्याला पाव आणि या आजाराचा संबंध जाणवू लागला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नाची भीषण टंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. आजूबाजूला उपासमार चालू असताना ही मुलं मात्र आजाराने खालावत नव्हती. युद्ध संपलं, पाव परत आला आणि दुखणंही परतलं. डिकेने १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठाला आपला प्रबंध सादर केला. तेव्हापासून आजतागायत या आजारावर एकच खात्रीचा उपाय आहे : ग्लुटेन पूर्ण बंद, जन्मभर.

‘पूर्ण’ या शब्दाशीच बाहेरचं जेवण अडतं. दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन गेलं तर बहुतेक रुग्णांच्या आतड्याला इजा होत नाही, असं तज्ज्ञ मानतात. आता घरातली एक पोळी घ्या. ३० ग्रॅम कणीक धरली तर तिच्यात अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन निघतं. म्हणजे पोळीचे अडीचशे तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्यात दिवसाचा सगळा कोटा संपला. ‘पोळी काढून ठेवा, बाकीचं खा’ हा सल्ला त्यामुळे कुचकामी ठरतो. पोळी लाटताना उडालेली पिठी, पोळीच्या तव्यावरच टाकलेली भाकरी, आमटीत बुडालेला पावाचा तुकडा, हे सगळं मोजावं लागतं.

आणखी एक गोष्ट, पुढे जायच्या आधी. संशय आला म्हणून आपल्या मनाने गहू बंद करू नका. रक्तातल्या टीटीजी अँटिबॉडीची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून केलेली बायॉप्सी, यांतून निदान होतं. पण गहू सोडून काही महिने झाले असतील तर तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते. मग पुन्हा गहू सुरू करून दुखणं ओढवून घ्यावं लागतं. आधी तपासणी, मग पथ्य.

पुण्याच्या हॉटेलांत या आजाराची ओळख का नाही, यालाही कारण आहे. देशातल्या वेगवेगळ्या भागांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तरेत सुमारे १.२ टक्के लोकांत सिलियाक आढळला, दक्षिणेत अवघा ०.१ टक्का. दिल्ली-चंदीगडकडच्या डॉक्टरांना तो रोजचा, आपल्याकडच्यांना अधूनमधून भेटणारा. पुण्याचं ताट मात्र दोन्हीकडचं आहे : पोळी उत्तरेशी नातं सांगणारी, भात-भाकरी दक्षिणेशी. त्यातच शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी उत्तरेतून येणाऱ्या तरुणांची भर पडते. विमाननगर-खराडीच्या पट्ट्यात डबा शोधणाऱ्यांत सिलियाकचे रुग्ण असणारच.

तर पुन्हा उपवासाकडे. मराठी उपवासाची एक खुबी बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही : त्यात हळद, मोहरी, हिंग यांतलं काही नसतं. फोडणी तुपाची, त्यात जिरं आणि मिरची, संपलं. हिंग का नाही, तर बाजारी हिंगात पीठ असतं आणि ते धान्याचं असतं, असं एक कारण सांगतात. सिलियाकच्या रुग्णाला आहारतज्ज्ञ जी यादी छापून देतात, तिच्यातल्या निम्म्या गोष्टी आजीने एकादशीच्या निमित्ताने आधीच पाळलेल्या असतात.

पुण्यात उपवासाचा माणूस उपाशी राहत नाही, हे काही गुपित नाही. डेक्कन जिमखान्यावरच्या अप्पांच्या कँटीनची खिचडी-काकडी खाऊन कित्येक पिढ्यांनी क्रिकेट पाहिलं. साबुदाणा वडा, थालीपीठ, रताळ्याचा कीस, आणि खिचडीवर बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, चिवडा घालून केलेली उपवासाची मिसळ हे पदार्थ पेठांतल्या कित्येक उपाहारगृहांत बारा महिने मिळतात. माझं मत विचाराल तर या सगळ्यांत वरीचा भात आणि दाण्याची आमटी हे सर्वांत भरवशाचं जेवण. दोन्ही पातेल्यात शिजतं, तवा नाही, तळण नाही, कुठल्या पिठाशी संबंध नाही.

वड्याची गोष्ट तशी नाही. साबुदाणा वडा स्वतः निर्दोष, पण तो ज्या कढईत पडतो तिच्यात सकाळी समोसे तळले असतील तर? तेल उकळतं म्हणून ग्लुटेन जळून जात नाही. ते जंतू नव्हे, प्रथिन आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये सामायिक तेलात तळलेल्या बटाट्याच्या फ्राइजचे २० नमुने तपासले, त्यांतल्या ९ मध्ये ग्लुटेन सापडलं. म्हणून पुण्यात विचारायचा प्रश्न असा : “वड्याची कढई उपवासाची वेगळी आहे का?” हा प्रश्न कुणालाही कळतो. ज्या हॉटेलात कढई खरोखर वेगळी असते, तिथला माणूस थोडा दुखावल्यासारखा होऊन “म्हणजे काय, वेगळीच असते” म्हणतो. जिथे नसते तिथे तो आत बघतो, मान हलवतो, आणि आपल्याला उत्तर मिळतं. सगळ्यांकडे वेगळी असते असं मुळीच नाही. आषाढी, महाशिवरात्र, अंगारकी, नवरात्र या दिवसांत ती असण्याची शक्यता जास्त, कारण त्या दिवशी विचारणारे आपण एकटे नसतो.

उपवासाच्या पिठांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. राजगिऱ्याचं किंवा शिंगाड्याचं पीठ सुटं घेतलेलं असेल तर ते कुठल्या जात्यातून आलं हे हॉटेलवाल्यालाही सांगता येत नाही. अख्खा दाणा दिसेल असं खावं : राजगिऱ्याची वडी, साबुदाणा, वरई.

आता हिंग. भारतात वर्षानुवर्षं हिंग पिकत नव्हता. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून त्याचा चीक येतो. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात पहिलं रोप लावलं ते ऑक्टोबर २०२० मध्ये, पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेने. आयात केलेला हा चीक इतका उग्र असतो की तो तसाच वापरता येत नाही. त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो सौम्य करतात. त्यालाच व्यापारी बांधानी हिंग म्हणतात. हे पीठ बहुधा गव्हाचं, काही कंपन्यांचं तांदळाचं. डबीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. खडा हिंग घेतला की सुटलो असंही नाही, कारण बांधानीचेही खडे मिळतात.

किती घाबरायचं, याचा हिशेब करून पाहू. चिमूट म्हणजे पाव ग्रॅम, त्यात निम्मं गव्हाचं पीठ, त्या पिठाचा दहावा हिस्सा ग्लुटेन. म्हणजे साधारण १२ मिलिग्रॅम. चार माणसांच्या आमटीत ते वाटलं गेलं तर माणशी तीन. एकट्या आमटीचं भय फार नाही. पण मराठी ताटात हिंग एकट्या आमटीत कुठे असतो? तो वरणात आहे, भाजीच्या फोडणीत आहे, कोशिंबिरीत आहे, मठ्ठ्यात आहे, गोड्या मसाल्यात आहे आणि उडदाच्या पापडात तर आहेच. शिवाय हॉटेलातल्या आचाऱ्याची चिमूट आपल्या चिमटीएवढी नसते. वाट्यावाट्यांनी दहाचा आकडा कधी ओलांडला ते कळतही नाही. पोळीचा तवा, रव्याचं आवरण, सामायिक तेल यांच्या मानाने हिंग लहान गुन्हेगार. पण तो प्रत्येक वाटीत हजर असतो, म्हणून त्याला विचारल्याशिवाय सोडायचं नाही.

आपटे रस्त्यावरचं श्रेयस, टिळक रस्त्यावरचं दूर्वांकुर, डेक्कनचं सुकांता अशा थाळीसाठी नावाजलेल्या ठिकाणी घरचे सगळे निघाले, की गहू न चालणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. मी ही नावं घेतोय ती पुणेकर जिथे पाहुण्यांना नेतात ते पत्ते म्हणून, ग्लुटेनमुक्तीचं प्रमाणपत्र म्हणून नव्हे. थाळीचं ताट डावीकडून वाचत जावं. मीठ, लिंबू बिनघोर. ओल्या खोबऱ्याची किंवा दाण्याची चटणी चालेल. कोशिंबीर फोडणी न घातलेली मागावी. कोथिंबीर वडीत बेसन असतं, पण खुसखुशीत व्हावी म्हणून कुणी रवाही घालतात. अळूवडी बेसन-चिंचेची असते. मात्र दोन्हींच्या तेलाची चौकशी हवीच, कारण त्याच कढईत पुऱ्या तळल्या जातात आणि थाळीच्या ठिकाणी पुऱ्या सतत तळल्या जातात. रस्साभाजी दाट करायला सहसा कुणी कणीक लावत नाही, दाण्याचं कूट किंवा बेसन लावतात, हे आपलं नशीब. पंजाबी ग्रेव्हीत असली खात्री देता येत नाही. साधा भात, तूप, लिंबू, दही हा ताटातला सुरक्षित पट्टा. गोडात श्रीखंड, बासुंदी, खरवस बिनदिक्कत घ्यावं. गुलाबजाम, जिलबी, शिरा, गव्हल्यांची खीर यांच्याकडे बघूही नये. पुरणपोळीच्या दिवशी नुसतं पुरण, वर तुपाची धार आणि दूध मागून घ्यावं. आचारी सहसा नाही म्हणत नाहीत, उलट दोन चमचे जास्त वाढतात. उकडीचा मोदक तांदळाचा, तळणीचा कणकेचा. चतुर्थीला एवढा फरक ध्यानात ठेवला की पुरे.

ताटातल्या कुरडईबद्दल नेहमी वाद होतो, आणि तो वाद मोठा मनोरंजक आहे. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात, वाटतात, गाळतात. चोथा वेगळा होतो आणि खाली पांढरा चीक बसतो. हा चीक म्हणजे गव्हाचा स्टार्च. ग्लुटेन बरंचसं चोथ्याबरोबर जातं. बोलोन्यातल्या याकोपो बेकारी या विद्वानाने अठराव्या शतकात हेच केलं होतं. त्याने कणीक पाण्याखाली धुतली, स्टार्च वाहून गेला आणि हातात चिवट गोळा उरला. ग्लुटेनचा शोध तो हाच. त्याने ठेवलं ते आपल्याकडे गुरांच्या पुढ्यात जातं, त्याने सोडून दिलं त्याच्या आपण कुरडया घालतो. म्हणून ‘कुरडईत ग्लुटेन नसतं’ असं कुणी छातीठोक सांगतं. पण घरच्या गाळणीतून ‘बरंचसं’ जातं, सगळं नाही, आणि आपल्याला हिशेब मिलिग्रॅमचा आहे. कुरडई नकोच.

भाकरी हे खरं उत्तर. साबुदाण्यावर दोन दिवस काढता येतात, जन्म काढता येत नाही; तो निव्वळ स्टार्च आहे, त्यात ना पुरेसं प्रथिन ना लोह. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ या कशातच ग्लुटेन नाही, आणि ते नाही म्हणूनच भाकरी पोळीसारखी लाटता येत नाही. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की त्यातली दोन प्रथिनं एकमेकांत गुंतून रबरासारखी जाळी तयार होते, म्हणून कणीक ताणली जाते. ज्वारीकडे ही जाळी नसल्याने उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च थोडा शिजवून चिकट करून घ्यावा लागतो. मग परातीत मळून मळून, हाताने थापून भाकरी मोठी करायची. पीठ जुनं झालं, विरी गेली, की कडा चिरतात. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी पांढरी आणि मऊ होते म्हणून पुण्यातही लोक नाव घेऊन ती ज्वारी मागतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

पुण्याच्या हॉटेलांत भाकरी आता अगत्याने मिळते. कोल्हापुरी मटणाच्या खानावळीत ती असते, पोळीभाजी केंद्रांत असते, सिंहगडावर तर पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत आणि मडक्यातलं दही हा ठरलेला बेत आहे. गडावरच्या टपरीत बहुधा चुलीवर एकच तवा असतो आणि त्यावर दिवसभर भाकरीच पडते. गहू तिथे सहसा फिरकत नाही. शहरातल्या एखाद्या वातानुकूलित उपाहारगृहापेक्षा त्या चुलीजवळ ग्लुटेनचा धोका कमी असतो. पोळीभाजी केंद्रात मात्र डोळे उघडे ठेवावेत. तिथे शेकडो पोळ्या निघतात, हवेत पिठी तरंगत असते, भाकरी थापणाऱ्या बाईच्या शेजारी पोळी लाटणारी बसलेली असते. मासे खाणाऱ्यांनी आणखी जपावं. कोंबडीवड्यांच्या पिठात पुष्कळदा गहू असतो, आणि तळलेल्या सुरमईला किंवा बोंबलाला रवा लावलेला असतो. तांदळाची पिठी लावून, वेगळ्या तव्यावर तळून मागावं, नाहीतर कालवण-भात आणि सोलकढी. आंबोळी किंवा घावन मिळालं तर सोन्याहून पिवळं.

भाकरीचा कच्चा दुवा गिरणी आहे. ‘गव्हावर ज्वारी’ दळली की आधीच्या दळणातली कणीक ज्वारीच्या पिठात येते. दोन-चार मुठी तर सहज. बाई-माणसं पूर्वीपासून गिरणीवाल्याशी यावरून हुज्जत घालत आली आहेत, चव बिघडते म्हणून. इथेही उपवासच कामाला येतो. काही गिरण्यांत उपवासाच्या दळणाचा वेगळा दिवस किंवा वेळ ठरलेली असते, त्या वेळी जातं झाडून घेतात. तेव्हा आपली ज्वारी न्यावी. घरी रुग्ण असेल तर घरघंटीचा खर्च वसूल होतो, फक्त तिच्यात गहू कधीच घालायचा नाही. हॉटेलवाल्याला पीठ कुठून आणता हे विचारायला लाजू नये. त्याला सांगता आलं नाही तर भात खावा. थंडीत मात्र ही कटकटच नाही : हुरड्याला गिरणी लागत नाही. पुण्याच्या आसपासच्या शेतांवर आगटीतून काढलेला गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही यावर दुपार मजेत जाते.

भाजणी हा फसवा शब्द आहे. चकलीची भाजणी बहुधा तांदूळ-डाळींची असते, थालीपिठाच्या भाजणीत मात्र बहुतेक घरांत मूठभर गहू असतोच. उपवासाचं थालीपीठ पिठाची खात्री असेल तर चालेल, साधं नाही.

मिसळीचं काय, असं विचारल्याशिवाय पुणेकर राहणार नाही. नारायण पेठेतल्या बेडेकरांसारख्या जुन्या ठिकाणी मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, पाव नव्हे. आपल्याला दोन्ही सारखेच वर्ज्य. ब्रेड ताटलीतच नको म्हणून आधी सांगावं, नाहीतर तो रश्श्यात टेकलेला येतो. फरसाण बेसनाचं असलं तरी त्यात मैद्याच्या पट्ट्या, शंकरपाळ्याचे तुकडे सापडतात. नुसती शेव, उसळ, रस्सा, भाजलेले पोहे एवढ्यावर भागवावं. बटाटेवडा बेसनाचा, तो ज्या कढईत वर्षानुवर्षं एकटाच तळला जातो, त्या दुकानात पावाशिवाय खायला हरकत नाही.

फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीत किंवा तशा कुठल्याही उडुपी धाटणीच्या हॉटेलात इडली हा भक्कम आधार आहे. इडलीचा रवा तांदळाचा असतो, वाफेवर शिजतो, तवा लागत नाही. रवा इडली, रवा डोसा, उपमा, शिरा हे सगळं गव्हाचं. साधा डोसा तांदूळ-उडदाचा. पण ज्या तव्यावर रवा डोसे पडतात त्यावरच तो टाकतात, आणि कुरकुरीत व्हावा म्हणून काही जण पिठात रवा किंवा मैदा घालतात. सांबारात हिंग धरूनच चालावं. दहीपुरी-शेवपुरीच्या पुऱ्या गेल्या, भेळ पुऱ्यांशिवाय मागता येते.

कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर, औंध इथल्या कॅफेंत ‘जीएफ’ लिहिलेले पदार्थ वाढताहेत. चांगली गोष्ट आहे, पैसेही चांगलेच मोजावे लागतात. पण ग्लुटेनमुक्त बेसचा पिझ्झा मैद्याच्या पिझ्झ्याशेजारी त्याच भट्टीत भाजला जात असेल, तर त्या दोन अक्षरांना अर्थ उरत नाही. तिथे एकच विचारावं : हे सिलियाकच्या रुग्णाला चालेल का? जो मालक “नाही, आमच्या किचनमध्ये मैदा असतो” असं सरळ सांगतो, तो प्रामाणिक. चायनीजमध्ये सोया सॉस गव्हाचा असतो. बिअर जवाची. ओट्समध्ये शेतापासून कारखान्यापर्यंत गहू मिसळलेला असतो, ग्लुटेनमुक्त असल्याचं प्रमाणपत्र नसेल तर घेऊ नयेत.

पुण्यात सध्या सगळ्यांत जास्त घोळ खपली गव्हाने घातला आहे. ‘पारंपरिक’, ‘पचायला हलका’ म्हणून दुकानांत तो चढ्या भावाने विकला जातो, आणि विकणारे ग्लुटेन नसल्याचंही ठोकून देतात. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, सिलियाकच्या रुग्णाला तो साध्या गव्हाइतकाच वर्ज्य आहे. इथल्याच आघारकर संशोधन संस्थेने खपलीचे सुधारित वाण काढले आहेत, तेही गव्हाचे वाण म्हणूनच. बाकीच्यांनी खपलीची खीर खुशाल खावी.

कायदा काय म्हणतो? पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, हा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आंतरराष्ट्रीय प्रमाणाशी जुळणारा आहे. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती देणंही बंधनकारक केलं. त्या यादीत ग्लुटेनची धान्यं आहेत. पेठेतलं एकटं-दुकटं हॉटेल मात्र या कक्षेत येत नाही. तिथे आपल्या तोंडाचाच भरवसा.

म्हणून एक चिठ्ठी खिशात ठेवावी, मराठीत आणि हिंदीत, कारण आतला आचारी कित्येकदा राजस्थानचा किंवा उत्तराखंडचा असतो. मजकूर साधा : “मला गहू, रवा, मैदा, सातू अजिबात चालत नाही. डॉक्टरांनी बंद केलं आहे, चुकून गेलं तर आजारी पडतो. पोळीचा तवा, पुरीचं तेल नको. हिंग नको. चमचा-तवा धुऊन, उपवासाच्या पदार्थासारखं वेगळं करून द्या.” ‘ग्लुटेन’ हा शब्द त्यात नाही, तो नसलेलाच बरा. शेवटचं वाक्य सगळ्यांत जास्त काम करतं. ही चिठ्ठी गल्ल्यावर न देता आत पोचवावी, आणि जमलं तर दुपारी साडेतीन-चारला जावं. त्या वेळी आचाऱ्याला मान वर करायला सवड असते. रविवारी रात्री नऊ वाजता रांगेत उभं राहून तव्याची चौकशी करणाऱ्याला कुणीही खरं उत्तर देणार नाही.

पुण्यातल्या हॉटेलमालकांना एक विनंती आहे. सूचना लिहून लावण्यात हे शहर कुणाला हार जाणारं नाही, तेव्हा आणखी एका पाटीला जागा नक्की निघेल. उपवासाची कढई वेगळी असेल तर तसं लिहा. भाकरीचा तवा वेगळा असेल तर तेही लिहा. आणि आज स्वयंपाकघरात गेलात की हिंगाची डबी उलटी करून मागचं वाचा. तांदळाच्या पिठातला हिंग बाजारात मिळतो. तो आणलात, तर तुमच्या हॉटेलातलं वरण, आमटी, कोशिंबीर आणि मठ्ठा गहू न चालणाऱ्या माणसाला एका दमात मोकळे होतील.